बैलगाडीवाल्यांची लेक

अमेरिकेचा शोध कोणी लावला याबद्दल इतिहासकारांचे मतभेद असतील, पण आमच्या घरमालकीणबाईंच्या मनात त्याबाबत कसलाही संशय नव्हता. तो त्यांच्या खापरपणजीने लावला. आधी जे कोणी येऊन गेले त्यांनी नुसतेच किनाऱ्यावर झेंडे रोवले आणि भांडत बसले. देश म्हणून काही सुरू झालं ते खापरपणजीने इलिनॉयच्या ऐन मध्यावर एका ओढ्याकाठी बैलगाडी थांबवून चूल पेटवली त्या दिवशी. खापरपणजीचं नाव पेशन्स. म्हणजे धीर. हा गुण पाचव्या पिढीपर्यंत पोचायच्या आधीच संपला असावा, कारण बाईंना टोस्टरमधला पावसुद्धा आपणहून वर येईपर्यंत थांबता येत नसे. त्या सुरीने उचकटून काढत.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. माझा नवरा तिथल्या विद्यापीठात पीएच.डी. करत होता आणि मी लग्न होऊन नाशिकहून थेट त्या मक्याच्या समुद्रात येऊन पडले होते. बाईंच्या घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचा आहे असं कळलं म्हणून आम्ही बघायला गेलो. इतर घरमालक पगार विचारत, नाहीतर फोडणीच्या वासाबद्दल आडून आडून चौकशी करत. बाईंनी आम्हाला कोचावर बसवलं आणि विचारलं, "तुमची माणसं इथे कधी आली?" नवरा म्हणाला, आम्हीच आमची माणसं, मी दोन वर्षांपूर्वी आलो, ही मागच्या ऑगस्टमध्ये, विमानाने. बाईंनी समजूतदारपणे मान हलवली. त्यांच्या हिशेबात जगात तीनच जाती होत्या. बैलगाडीने आलेले, आगगाडीने आलेले आणि उरलेले. कोपऱ्यावरच्या जर्मन बेकरीवाल्याचा पणजोबा आगगाडीने आला होता. त्यामुळे चार पिढ्या पाव भाजूनही तो गावात 'नवीन माणूस' होता. त्याच्यानंतरचे सगळे एकाच ढिगात, मग ते पोलंडचे असोत, मेक्सिकोचे असोत की नाशिकचे. आम्हाला त्या देशात समतेची जी पहिली वागणूक मिळाली ती अशी. नवरा जिना उतरताना म्हणाला, "ही तर पाटलीणबाई आहे यार." तेव्हापासून घरात त्यांचं नाव पाटलीणबाईच पडलं.

पाटलीणबाई ज्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या तिचं इंग्रजी नाव एका दमात म्हणता येत नसे. मी तिचं आपलं 'आद्यकन्या मंडळ' असं बारसं केलं होतं. त्या जिल्ह्यात आगगाडी यायच्या आधी जी कुटुंबं आली त्यांच्या लेकी, नाती, पणत्या एवढ्याच तिथे चालत. पुरुषांना प्रवेश नव्हता. त्यावर बाईंचं म्हणणं असं की पुरुष फक्त बैल हाकत होते. एकदा मी सहज विचारलं, की ओढ्याकाठी त्याआधी कोण राहत होतं? बाई म्हणाल्या, "इंडियन होते." मग माझ्याकडे बघून घाईने म्हणाल्या, "तुम्ही नव्हे. पण ते राहत नव्हते, फिरत होते." ओढ्याचं नाव, जिल्ह्याचं नाव आणि पलीकडच्या टेकडीचं नाव त्या फिरणाऱ्यांच्याच भाषेतलं होतं. फिरता फिरता त्यांना नावं ठेवायला बराच वेळ मिळालेला दिसत होता. पण हे मी बोलले नाही. घर ऊबदार होतं आणि भाडं परवडत होतं.

मंडळाची सभा दर महिन्याला गावातल्या बागेत, पेशन्सच्या ओंडक्यांच्या झोपडीत भरे. ही झोपडी मूळ जागेवरून हलवलेली होती, ओंडके कुजल्यामुळे बदललेले होते, छप्पर नवं होतं. अस्सल राहिले होते ते धुराड्याचे दगड, आणि त्यातल्याही काहींबद्दल कुजबुज होती. सभेला सगळ्या जणी हनुवटीखाली बंद बांधलेल्या झालरीच्या टोप्या घालून येत. झोपडीत हीटर लावायचा नाही असा नियम होता, कारण पेशन्सकडे हीटर नव्हता. त्यामुळे जानेवारीतल्या सभा फार लवकर आटपत आणि ठराव एकमताने मंजूर होत.

घरातसुद्धा कुठलीही गोष्ट पेशन्सला विचारल्याशिवाय होत नसे. नवा फ्रिज घेताना बाई दुकानात उभ्या राहून म्हणत की पेशन्सने एवढा मोठा घेतला नसता. टीव्हीवरच्या मालिका पेशन्सला आवडल्या नसत्या, म्हणून त्या आवाज बारीक करून बघत. पेशन्सच्या पद्धतीचा मक्याचा पाव त्या दर रविवारी भाजत. त्यात साखर नाही, अंडं नाही, आणि माझ्या मते आशाही नाही. तो आम्हाला वर आणून देत. आम्ही तो लसणाच्या चटणीशी खात असू. एकदा त्यांनी ते पाहिलं, बोटाच्या टोकावर चटणी घेतली, डोळ्यांत पाणी आलं तरी गिळली आणि म्हणाल्या, "हे पेशन्सला आवडलं असतं." त्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणालाच मिळालेलं नव्हतं. आणि लांडग्याची गोष्ट तर विचारूच नका. नवरा बाजाराला गेलेला असताना पेशन्सने दारात आलेल्या लांडग्याला लोखंडी तव्याने हाणून पळवलं होतं. आम्ही राहायला गेलो तेव्हा लांडगा एक होता. पहिल्या नाताळापर्यंत दोन झाले. आम्ही घर सोडलं तेव्हा तो कळप होता, पण तवा तेवढाच राहिला होता.

हसणं सोपं होतं. पण माझ्या सासऱ्यांनी आम्हाला सुटकेसमध्ये घालून दिलेला आमचा कुलवृत्तांत कपाटात होता, आणि तो एकदा बाईंच्या हाती लागला. मी त्यांना पिढ्या मोजून दाखवल्या. त्या थक्क झाल्या. आपल्या दुप्पट पिढ्या एका भाडेकरूकडे निघाव्यात हे त्यांना झेपेना. मग त्यांनी पानावर बोट फिरवत विचारलं की यात बायका कुठे आहेत? मी म्हटलं, सुना आहेत, कंसात. आणि मुली? मुली लग्न झाल्या की संपतात. बाईंनी पुस्तक मिटून मला परत दिलं आणि अतिशय दयाळूपणे म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीपण फक्त बैल हाकणारेच मोजले."

मंडळाच्या घटनेत एक वाक्य होतं, ते बाईंनी स्वतः लिहिलेलं. औषधाच्या दुकानवाल्याच्या बायकोला मंडळात यायचं होतं. तिच्या आजीला एका बैलगाडीवाल्या कुटुंबाने लहानपणी सांभाळलं होतं. बाईंना ती बाई तिच्या केसांच्या रंगापासून आवडत नसे. म्हणून त्यांनी घटनेत घातलं, 'रक्ताने, केवळ रक्ताने, आणि अन्य कोणत्याही मार्गाने नाही.' ठराव मंजूर झाला, औषधवाली बाहेर राहिली आणि ते वाक्य बाईंना इतकं आवडलं की प्रत्येक सभेच्या सुरुवातीला सगळ्यांनी ते उभं राहून म्हणायचं असा प्रघात पडला, आपल्याकडे आरती म्हणतात तसा.

बाईंना एकच मुलगा. तो गावातच विमा एजंट होता. त्याला आणि सुनेला मूल होत नव्हतं. बरीच वर्षं वाट पाहून त्यांनी कोरियातून एक मुलगी दत्तक घेतली. तसं त्या काळी त्या गावात दोनतीन घरांनी केलं होतं. बातमी आली त्या दिवशी बाई अंगणात बराच वेळ पानं गोळा करत राहिल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण मुलगी यायच्या दिवशी त्या पहाटेच तयार होऊन, मक्याचा पाव फडक्यात बांधून, मुलाच्या आधी गाडीत जाऊन बसल्या आणि शिकागोच्या विमानतळावर गेल्या. चार वर्षांची ती पोर सोबत आलेल्या परिचारिकेच्या खांद्यावर झोपलेली होती. सुनेला हात पुढे करवेनात. तेव्हा बाईंनीच मुलीला घेतलं, आणि परतीच्या सबंध वाटेत त्यांनी तिला खाली ठेवलं नाही, असं त्यांचा मुलगा नंतर आम्हाला सांगत होता.

मुलीचं नाव लूसी ठेवलं. सून नोकरीवर जायची, त्यामुळे लूसी दिवसभर बाईंकडे असे. सुरुवातीला ती बोलत नसे, रडत नसे आणि जवळजवळ काही खात नसे. पेशन्सचा पाव तर तिने हातातसुद्धा घेतला नाही. पोरीला खाण्यातलं कळतं, असं माझा नवरा म्हणाला. एक दिवस मी दुपारचा भात लावला होता. दारात काहीतरी हललं म्हणून पाहिलं तर लूसी जिना चढून आलेली. कुकरकडे एकटक बघत होती. मी वाटीत मऊ भात दिला. तिने तो उभ्यानेच संपवला आणि वाटी पुढे केली. मागोमाग बाई धापा टाकत वर आल्या, त्यांनी ते पाहिलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मग त्यांनी मला विचारलं, "पाणी किती घालतेस?" मी म्हटलं, तांदळावर बोटाचं एक पेर. दुसऱ्या दिवसापासून खालच्या मजल्यावर भात शिजू लागला. पहिल्यांदा त्याची खळ झाली, मग तो जळला, मग जमला. पेशन्सने आयुष्यात तांदूळ पाहिला नव्हता. पण या बाबतीत तिचं मत घेतलेलं मला तरी ऐकू आलं नाही.

लूसी हळूहळू बोलायला लागली आणि मग थांबेना. बाईंच्या मागे मागे ती पेशन्सच्या कबरीपाशी जाई, झोपडीत जाई, लांडगे मोजी. मला एकदा तिने जिन्यात बसून सगळी गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाली, माझी आजी सांगते की मी पेशन्ससारखीच हट्टी आहे. ती आठ वर्षांची झाली त्या वर्षी बाईंनी तिच्यासाठी झालरीची छोटी टोपी शिवायला घेतली. दर उन्हाळ्यात गावात आद्यवासी दिन, म्हणजे पहिली वस्ती करणाऱ्यांचा सण असे. त्याच्या मिरवणुकीत मंडळाची बैलगाडी सर्वांत पुढे निघे आणि गाडीत पुढच्या फळीवर आठ वर्षांवरच्या छोट्या आद्यकन्या बसत. तशी मुलगी बऱ्याच वर्षांत कुणाकडे नव्हती. लूसीने शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. टोपीला झालर लावता लावता बाईंच्या लक्षात आलं, आपण दर महिन्याला उभं राहून काय म्हणतो ते.

दोन दिवस त्या वर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या सरळ मुद्द्यावर. तुमच्याकडे इतक्या पिढ्या आहेत, त्यात कधी कुणी मूल दत्तक घेतलं असेलच, तर त्याचे पूर्वज कोण धरतात? मी सांगितलं की आमच्याकडे दत्तक विधी झाला की गोत्र बदलतं. त्याने श्राद्ध करायचं ते नव्या घरच्या पितरांचं. संस्थानं चाललीत दत्तकांवर. बाई खुर्चीवर ताठ झाल्या. "म्हणजे पूर्वजच बदलतात?" मी म्हटलं, हो, पण एक आहे. दत्तक घेत ते मुलगेच, आणि तेही बहुधा भाऊबंदातले, जातीतले. बाई म्हणाल्या, "तो भाग सांगायची गरज नाही."

सांगायची म्हणजे कुठे, ते मला सभेच्या दिवशी कळलं. तोपर्यंत आमची मुलगी झाली होती. तिला नवऱ्याकडे ठेवून, पैठणीवर स्वेटर चढवून मी त्या झोपडीत आद्यकन्यांसमोर उभी राहिले. मुख्य विरोधक होत्या खजिनदारबाई. दंतवैद्याच्या विधवा, बाईंच्या शाळेपासूनच्या मैत्रीण. मी दत्तकाबद्दल जे सांगायचं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, फार रोचक आहे, पण तो देश वेगळा आहे. मग बाई बोलायला उठल्या. एरवी त्यांना थांबवावं लागे. त्या दिवशी त्यांनी एवढंच म्हटलं की, आपण सातजणी आहोत, सगळ्या साठीच्या पुढच्या, आणि माझ्या घरात एक मुलगी आहे जिला हे सगळं हवं आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरात अशी आहे? तशी कुणाचीच नव्हती. एकीची नात कॅलिफोर्नियात होती आणि दुसरीची फोन उचलत नसे.

खजिनदारबाई म्हणाल्या, "ते वाक्य तुझं आहे. आम्हाला तू पाठ करायला लावलंस." त्यांचा आवाज चढला नव्हता. आणि मग त्या म्हणाल्या, "औषधवालीच्या मुलीलासुद्धा हे हवं होतं. ती तेव्हा आठच वर्षांची होती."

हात वर करून मतदान झालं. एक म्हाताऱ्या बाई कानाने अधू होत्या. त्यांनी दोन्ही वेळा हसत हसत हात वर केला, त्यामुळे त्यांचं मत बाद झालं. बाईंच्या बाजूने त्या स्वतः आणि आणखी एक. चौघी विरुद्ध. ठराव पडला. बाईंनी टोपीचा बंद सोडला, ती नीट घडी करून पर्समध्ये ठेवली, झोपडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि बाहेर आल्या. गाडीत मी सांत्वनाची इंग्रजी वाक्यं मनात जुळवत होते. चौकातल्या लाल दिव्याला गाडी थांबली तेव्हा त्या पुढे बघत म्हणाल्या, "वाक्य चांगलं लिहिलं होतं मी. कुठे फट म्हणून ठेवली नाही."

आद्यवासी दिनाला पहिल्यांदाच बाईंनी घरासमोरच्या फुटपाथवर घडीच्या खुर्च्या मांडल्या. लूसी, मी, माझी मुलगी मांडीवर, आणि आइस्क्रीम. लूसी घुश्शात होती. सकाळपासून ती आजीशी बोलली नव्हती. मिरवणूक आली, पुढे बैलगाडी. बैल दरवर्षीप्रमाणे शेजारच्या जिल्ह्यातून भाड्याने आणलेले. खजिनदारबाई समोर बघत ताठ बसल्या होत्या. कानाने अधू म्हाताऱ्या बाईंनी मात्र आम्हाला मनापासून हात केला. लूसीने शेवटी विचारलंच, "आपण गाडीत का नाही?" मला वाटलं, आता बाई काहीतरी गोड खोटं सांगतील. त्या म्हणाल्या, "कारण मी एकदा एक नियम केला आणि तो वाईट होता." लूसीने आइस्क्रीम चाटत विचार केला आणि विचारलं, मग तू तो बदलत का नाहीस? "प्रयत्न केला. त्यांनी बदलू दिला नाही." थोड्या वेळाने लूसी आपली खुर्ची ओढत आजीच्या खुर्चीला चिकटवून बसली. मग बाईंना धीर आला आणि गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या दोघींनी एकेकीच्या पोशाखातल्या चुका काढल्या. पेशन्सच्या काळात प्लॅस्टिकची बटणं नव्हती, हे लूसीने इतक्या मोठ्याने सांगितलं की पुढची माणसं वळून पाहायला लागली.

पुढच्या आठवड्यात बाई औषधाच्या दुकानात गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. डोकेदुखीच्या गोळ्यांची एक बाटली घेऊन त्या तासाभराने परत आल्या, तोंड पडलेलं होतं, आणि ती बाटली त्यांनी कधी उघडलेली मी पाहिली नाही. माफी मिळाली असेल असं मला वाटत नाही. ती मिळायलाच हवी होती असंही नाही.

नवऱ्याची पीएच.डी. झाली, शिकागोजवळ शॉमबर्गला नोकरी लागली आणि आम्ही ते गाव सोडलं. इथे शेजारी गुजराती, समोर तेलुगू, दोन घरं सोडून सोलापूरचे. सगळे काल आलेले. तरी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात 'आम्ही आलो तेव्हा इथे नुसती शेतं होती' असं सांगणारे काका-काकू आहेतच, आणि अलीकडे नवऱ्यालाही मी ते वाक्य म्हणताना पकडलं आहे. बाईंचं नाताळचं कार्ड येत असे. दोन वर्षांपूर्वी ते मुलाच्या अक्षरात आलं. बाई गेल्या होत्या. आद्यकन्या मंडळ त्याच्या आधीच गेलं होतं, सभेला पुरेशा बायका उरल्या नव्हत्या. झोपडी नगरपालिकेकडे गेली आणि तिथे आता हीटर आहे.

परवा बाईंचा मुलगा कामानिमित्त इकडे आला होता, सोबत लूसी. तेरा वर्षांची, उंच, दातांना तारा. माझी मुलगी तिच्याशी इंग्रजीत अखंड बडबडत होती. जेवणानंतर लूसी स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली आणि म्हणाली की आजीने तिला सगळ्यांच्या गोष्टी सांगितल्या, पण स्वतःची एकही सांगितली नाही. तुम्ही तिच्या घरात राहत होता. ती कशी होती? मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की पेशन्सला हिवताप कोणत्या वर्षी झाला हे मला ठाऊक आहे, पण बाईंचा नवरा कसा गेला, त्या लहानपणी कशाला घाबरायच्या, त्यांना कोणती फुलं आवडत, यातलं मला काही माहीत नाही. मी कधी विचारलंच नव्हतं.

मग एक आठवलं. एकदा मी धुण्याची टोपली घेऊन मागच्या दाराने तळघरात चालले होते. स्वयंपाकघरात रेडिओ मोठ्याने लागला होता आणि बाई एकट्याच नाचत होत्या. डोळे मिटलेले, एक हात हवेत, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा. फार सुंदर नाचत होत्या. फळी करकरली तशी त्यांनी रेडिओ बंद केला आणि मला साबण संपलाय का ते विचारलं.

लूसी गॅसच्या ओट्याला टेकून ऐकत होती. गाणं कोणतं होतं, तिने विचारलं. मी खूप आठवून पाहिलं. पण तेव्हा मला इथे येऊन फार दिवस झाले नव्हते, आणि या देशातली गाणी मला अजून ओळखू येत नव्हती.